ऑटर्स, हॉर्नबिल्स आणि मेश्राम सर

मी मेश्राम सरांच्या वहीतल्या एका पानाचा फोटो काढला आणि तो दोन फुटबॉल क्लबांच्या सामायिक ग्रुपवर टाकला. चुकून नाही. रविवारी दुपारी, पोटभर जेवून, पूर्ण शुद्धीत टाकला, आणि खाली डोळा मिचकावणारा पिवळा चेहराही लावला. पान मराठीत होतं. ग्रुपवरच्या शंभरेक लोकांत मराठी येणारे आम्ही दोघंच. कुणाला काय कळणार आहे, असं मी धरून चाललो.

सिंगापूरमध्ये अकरा वर्षं मी हेच धरून चाललो आहे. लिफ्टमध्ये शेजारच्याच्या शर्टाबद्दल, एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, समोर झोपलेल्या बाईच्या उघड्या तोंडाबद्दल, ऑफिसच्या पार्टीत साहेबाच्या टकलाबद्दल, साहेब हातभर अंतरावर असताना, मी आणि माझी बायको मेधा मोकळेपणानं बोलत आलो आहोत. आपण मराठीत बोललो की आपल्याभोवती पडदा ओढला जातो अशी इथल्या प्रत्येक मराठी माणसाची समजूत असते. तो पडदा कधीच फाटला होता. मला कुणी सांगितलं नव्हतं. आणि त्याची किंमत माझ्या वाट्याला आली असती तर मी हे लिहायला बसलोही नसतो. ती मेश्राम सरांनी दिली.

सरांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा मी त्यांना माझा गुडघा दाखवला होता.

झालं असं, की ऑफिसातला क्रेग मला म्हणाला, शनिवारी फुटबॉलला ये, एक माणूस कमी आहे. मी कॉलेजात फुटबॉल खेळलो होतो, म्हणजे राखीव बाकावर बसलो होतो. नवे बूट घेऊन गेलो. मैदानावर पाहतो तर चेंडू लांबट, दोन्ही टोकांना चार-चार उंच खांब, जाळी कुठंच नाही, आणि धडधाकट माणसं एकमेकांच्या पाठीवर गुडघे रोवून हवेत चढतायत. हा ऑस्ट्रेलियन फुटबॉल होता. कमी होता तो माणूस गुणफलकावरचे आकडे बदलायला हवा होता. तरी बूट आणलेत म्हणून मी एक फेरी पळालो आणि गुडघा धरून बसलो.

मैदानाच्या टोकाला, मधल्या दोन खांबांमध्ये, एक बुटका सावळा माणूस उभा होता. गुडघ्यापर्यंत पांढराशुभ्र कोट, डोक्यावर पांढरी हॅट. मला वाटलं, वा, डॉक्टरची सोय आहे. लंगडत त्यांच्यापर्यंत गेलो, पँट वर सरकवली आणि इंग्रजीत सगळी लक्षणं सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. शेवटी मी पाय सरळ करताना ‘आई गं’ म्हणालो, तेव्हा त्यांनी तोंड उघडलं.

“मी डॉक्टरच आहे जी, पण लोखंडाचा. तुमचा गुडघा लोखंडाचा असेल तर पाहतो.”

पांढऱ्या कोटातून चंद्रपूरची मराठी बाहेर आली तेव्हा मी इतका हबकलो की पँट खाली करायचं राहून गेलं.

ते गोल-अंपायर होते. या खेळात चेंडू मधल्या दोन खांबांतून गेला तर सहा गुण, बाजूच्या खांबांतून गेला तर एक. चेंडू कुठून गेला हे ठरवायचं खांबांमध्ये उभ्या असलेल्या माणसानं. सहा असतील तर तो दोन बोटं पुढं रोखतो आणि दोन झेंडे हलवतो, एक असेल तर एक बोट आणि एक झेंडा. बस, एवढंच काम. मेश्राम सर पीएच.डी.साठी मेलबर्नला होते तेव्हा तिथला म्हातारा घरमालक दर शनिवारी हे काम करायचा, त्यानं त्यांना शिकवलं. तिथं हे पांढरे कोट केव्हाच गेले म्हणे. सरांनी मात्र घरमालकाचा कोट जपला होता. बुकित बातोकमध्ये माझ्या दोन ब्लॉक पलीकडं ते एकटे राहत (वहिनी नागपूरला कॉलेजात शिकवायच्या), आणि शुक्रवारी संध्याकाळी गेलं तर हमखास त्या कोटाला इस्त्री करताना सापडत. ऑफिसचे शर्ट मात्र चुरगळलेलेच.

बुओना व्हिस्टाला एका प्रयोगशाळेत ते धातूंना तडे कसे जातात याचा अभ्यास करायचे. “तुटायच्या आधी धातू सांगते,” ते म्हणत. “आपण ऐकून नाही राहिलो तर त्याचा काय दोष?” त्यांना एक डोळा मिटून बघायची सवय होती. खाण्याच्या स्टॉलांच्या हॉकर सेंटरमध्ये टेबलाच्या कडेला नाक टेकवून ते टेबल सरळ आहे का बघत. आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा चहा येण्यापूर्वीच त्यांनी उठून भिंतीवरचं आमच्या लग्नाचं छायाचित्र सरळ केलं. मेधाला ते तिथंच आवडले. बुद्धपौर्णिमेला ते मोठ्या स्टीलच्या डब्यात खीर करून सरावाला आणत, आणि ते घामेजलेले ऑस्ट्रेलियन ती पेल्यांनी पीत. “शक्ती येते,” असं सरांनी एकदा सांगितलं होतं. त्यानंतर दोन्ही क्लब सामन्याआधी खीर मागायला लागले.

एकदा मी त्यांना विचारलं, भर उन्हात दोन तास खांबांमध्ये उभं राहण्यात मजा काय येते? त्यांनी कॉफी ढवळली.

“आमच्या बापाला गावात साक्षीला कुणी उभं करत नव्हतं,” ते म्हणाले. “समोर घडलं असलं तरी. तुम्ही पाहिलं असेल, पण तुमचं पाहिलेलं चालत नाही, असं. आता इथं मी एक बोट दाखवतो आणि तीस गोरे मुकाट्यानं माघारी फिरतात. कुठला, कोण, काही विचारत नाहीत. मी पाहिलं म्हणजे झालं.”

मी देवधर. माझ्या आजोबांच्या साक्षीवर गावातल्या जमिनी इकडच्या तिकडं झाल्या होत्या. त्या खांबांमध्ये सर काय राखून उभे असतात ते मला तेव्हाच कळलं होतं. म्हणजे पुढं मी जे केलं ते अजाणतेपणी केलं असं म्हणायचीही सोय नाही.

हंगाम संपला की ईस्ट कोस्टच्या बागेत समुद्राकाठी दोन्ही क्लबांचं एकत्र जेवण व्हायचं. ते मांस भाजायचे, मी कोपऱ्यात मक्याची कणसं भाजायचो. जेवणं होत आली की ‘डॉक, डॉक’ असा गलका सुरू व्हायचा. मग सर उभे राहत आणि पुढच्या हंगामात ऑटर्स आणि हॉर्नबिल्स यांच्यात कोण वरचढ ठरेल ते सांगत.

ऑटर्स म्हणजे पूर्वेकडचे काँडोवाले, महागड्या सोसायट्यांतले, बहुतेक बँकांत नोकरीला. उंच, देखणे, हवेत उडी मारून चेंडू झेलणारे. क्रेग त्यांचा प्रशिक्षक. हॉर्नबिल्स पश्चिमेकडचे, शाळामास्तर आणि इंजिनिअर, जमिनीवर पडलेला चेंडू चिवटपणे उचलणारे. दोघांचं एकमेकांवाचून पान हलत नसे आणि एकमेकांबद्दल चांगला शब्द निघत नसे. मी उड्या आणि पोटऱ्यांवरून अंदाज बांधायला जायचो. सर मला थांबवायचे.

“सिंगापूरमध्ये संघ पायांवर उभा नसते, देवधर. पासवर उभा असते. तुमच्या-माझ्यासारखाच.”

नोकरी गेली की पास, म्हणजे इथं राहायचा परवाना, गेला, पास गेला की महिन्याभरात माणूस विमानात. म्हणून सर खेळ बघायचेच नाहीत, माणसं बघायचे. कुणी घराचा करार दोन वर्षांऐवजी एकाच वर्षानं वाढवला. कुणाची मुलगी शाळेच्या शेवटच्या वर्षात आहे. कुणी कुत्रा पाळला, म्हणजे तो राहणार. कुणी कुत्रा मित्राला देऊन टाकला, म्हणजे तो चालला. कुणी फाटलेले बूट चिकटपट्टी लावून चालवतोय, नवे घेत नाही.

एका वर्षी त्यांनी सांगितलं की ऑटर्सना पुढच्या फळीतला उंच खेळाडू नवा शोधावा लागेल. तो खेळाडू तिथंच बसला होता. हसला, म्हणाला, मी कुठं चाललोय? तीन आठवड्यांत कंपनीनं त्याची दुबईला बदली केली. मी सरांना गाठलं. “त्याला स्वतःला माहीत नव्हतं, तुम्हाला कसं कळलं?”

“त्याच्या साहेबाला माहीत होतं. साहेब दर सामन्याला यायचा, टाळ्या वाजवायचा. दोन महिन्यांपासून येणं बंद. ज्याला हलवायचं त्याच्या डोळ्यांत कोण पाहते?”

हे सगळं ते वहीत मराठीत लिहीत. डाव्या पानावर अंदाज, उजव्या पानावर कारणं. डाव्या पानाचं इंग्रजी करून, टाईप करून ग्रुपवर टाकायचं काम माझं, कारण मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या म्हणण्याच्या स्लाइडी बनवत आलो आहे. वही पहिल्यांदा हातात देताना त्यांनी एकच अट घातली होती. “अंदाज बाहेर जातो. कारण वहीत राहते.”

“मग लिहिता कशाला?” मी विचारलं होतं.

“कारण नाही लिहिलं तर अंदाज नाही जी, नुसती थाप होते.”

गेल्या वर्षीची तुलना चुरशीची होती. ऑटर्सचे तिघं जाणार, पण मधली फळी शाबूत, आणि उंच खेळाडू दोन नवे आलेले, दोघांनीही कुत्रे घेतलेले. हॉर्नबिल्सचे पळणारे सगळे राहणार, बचाव भक्कम, कर्णधार अनिश्चित. कर्णधार राहिला तर हॉर्नबिल्स वर, गेला तर ऑटर्स. सरांनी शनिवारी हे वाचून दाखवलं, मी रविवारी सकाळी टाईप करून टाकलं, आणि दुपारी ग्रुपवर आग लागली.

हॉर्नबिल्सचा कर्णधार नील. तेलविहिरींच्या एका कंपनीत इंजिनिअर, बोलायला गोड, मैदानावर बैल. त्यानं लिहिलं, “अनिश्चित? मी कुठंही जात नाहीये. डॉकनं हे कुठून काढलं?” झालं. हॉर्नबिल्सवाले तुटून पडले. डॉक म्हातारा झाला. डॉकला ऑटर्सनी फितवलं. मी तेव्हा मेधाबरोबर बुकित बातोकच्या हॉकर सेंटरमध्ये बसलो होतो, आणि सरांचा अपमान माझ्याच्यानं बघवेना. वही माझ्याकडं होती. मी उजव्या पानाचा फोटो काढला आणि लिहिलं, “डॉक पुराव्याशिवाय बोलत नाहीत. सगळी कारणं इथं आहेत. वाचता येत असेल तर वाचा.” आणि तो पिवळा चेहरा.

पानावर नीलबद्दल हे होतं: ‘नोकरी गेली असावी. तीन आठवडे सरावाला सगळ्यांच्या आधी येतो. इस्त्रीचा शर्ट, ऑफिसची बॅग. बॅग रिकामी असते, एका बोटावर अडकवतो. घरी सांगितलेलं दिसत नाही. केट परवा म्हणाली, त्याला ऑफिसात हल्ली फार काम पडतं.’

केट म्हणजे नीलची बायको. तीही ग्रुपवर होती.

ग्रुप एकदम शांत झाला. मला वाटलं, गप्प बसवलं सगळ्यांना. मी मेधाला फोन दाखवला. तिनं आधी फोनकडं पाहिलं, मग माझ्याकडं, आणि तिच्या हातातला चमचा तसाच राहिला.

“अहो, आत्ता तुम्ही ते सूप कसं मागवलंत?”

मी समोरच्या स्टॉलच्या चिनी पाटीवर फोन धरला होता. फोननं ती मराठीत वाचून दाखवली होती. दोन वर्षं मी दर रविवारी हेच करत होतो.

“त्यांच्याकडं फोन नाहीत का?” मेधा म्हणाली.

पायाखालची फरशी सरकली असं लोक लिहितात. माझी सरकली नाही. मीच तिच्यावर गोठून बसलो होतो आणि हात फोनपर्यंत जात नव्हता. तेवढ्यात क्रेगचा फोन आला. “ते काढ,” तो म्हणाला. “आत्ता काढ. पण उपयोग नाही, मित्रा. केटनं वाचलंय.”

मी सरांकडं धावत गेलो. त्यांनी दार उघडलं, मी दारातच सगळं सांगितलं. ते ओरडतील या तयारीनं गेलो होतो. त्यांनी एवढंच विचारलं, “दोघं एका घरी होते का, वाचलं तेव्हा?” मला माहीत नव्हतं. त्यांनी चपला घातल्या. “चला.”

नील आणि केट बुओना व्हिस्टाला राहत. एमआरटीत मी अखंड बोलत होतो, आणि हळू आवाजात, कारण आता मला डब्यातला प्रत्येक माणूस मराठी येणारा वाटत होता.

दार केटनं उघडलं. डोळे सुजलेले नव्हते, कोरडे होते, ते जास्त भयंकर होतं. मागं सोफ्यावर नील बसला होता, रविवारीही इस्त्रीचा शर्ट घालून. मी माफी मागायला तोंड उघडलं. सरांनी हातानं मला मागं सारलं.

“अक्षर माझं आहे,” ते तिला इंग्रजीत म्हणाले. “यानं फक्त दाखवलं.”

केट त्यांच्याकडं बघत राहिली. “तुम्ही मैदानाच्या त्या टोकावरून बघितलंत,” ती म्हणाली. “मी त्याच्या शेजारी झोपते. मला रिकामी बॅग दिसली नाही.” मग म्हणाली, “तुम्हाला कळलं होतं, तर तुम्ही मला का नाही सांगितलंत? लिहून काय ठेवलंत? आम्ही काय प्रयोगशाळेतले आहोत?”

सर उंबऱ्याबाहेरच उभे होते. आतून नील म्हणाला, “दार लाव, केट.” तिनं लावलं. जोरात नाही, अगदी सावकाश.

दुसऱ्या दिवशी सरांनी दोन्ही क्लबांना पत्र पाठवलं. चार ओळींचं. मी गोल-अंपायरचं काम सोडत आहे. अंपायरनं चेंडूकडं पाहायचं असतं, मी माणसांकडं पाहत होतो. मी वाचून हादरलो. बुकित बातोकच्या टेकडीवर फिरायला जाताना मी त्यांना विनवत होतो, की चूक माझी, हाकला मला, तुम्ही कशाला सोडता.

“ज्याच्या बोटावर विश्वास ठेवायचा,” ते म्हणाले, “त्याच्या डोळ्यांची भीती वाटायला लागली तर बोट काय कामाचं?”

क्रेगनं ऑटर्सतर्फे लगेच लिहिलं, परत या. सर म्हणाले, एका क्लबानं म्हणून भागत नाही. दोघांना चालेल तोच अंपायर. हॉर्नबिल्सचं म्हणणं, नील म्हणेल ते. आणि नील काही म्हणत नव्हता. मी तीनदा त्याच्या इमारतीच्या फाटकापर्यंत जाऊन आलो. दोनदा पहारेकऱ्यानं परत पाठवलं, तिसऱ्यांदा मी स्वतःच परतलो.

मधल्या काळात एक अजब गोष्ट झाली. नील गेलाच नाही. केट शाळेत अर्धा दिवस शिकवत होती, तिनं पूर्ण वेळची नोकरी धरली, नवा पास तिच्या नावानं निघाला, आणि नील तिचा अवलंबित म्हणून सिंगापुरात राहिला. सकाळी स्वयंपाक, संध्याकाळी सराव. असा तयार कर्णधार हॉर्नबिल्सला कधी मिळाला नव्हता. मी ही बातमी सरांना सांगितली, जरा उजळ चेहऱ्यानंच, कारण मला वाटलं यात माझंही थोडं पुण्य आहे. सर थक्क झाले. एक डोळा मिटून त्यांनी समोरच्या ब्लॉककडं बघितलं.

“मी एकेका पट्टीचा तडा पाहून राहिलो होतो,” ते म्हणाले. “जोड पाहिलाच नाही.”

हंगामात ऑटर्स आणि हॉर्नबिल्सचा पहिला सामना आला. एका टोकाला ऑटर्सचा स्वयंसेवक, दुसऱ्या टोकाला हॉर्नबिल्सचा. प्रत्येक गोलाला भांडण. तिसऱ्या टप्प्यात ऑटर्सच्या माणसानं एक बोट दाखवलं, हॉर्नबिल्सचे आठ जण त्याच्यावर धावून गेले, त्यानं झेंडा फेकला, आणि सामना तिथंच संपला. मला फलकावर काय लिहायचं ते कळेना. मी दोन्ही बाजूंना शून्य लावून घरी आलो. सगळ्यात मोठ्यानं भांडला होता नील. त्यानंच संध्याकाळी सरांना निरोप पाठवला. तीन शब्द: “पुढचा सामना. प्लीज.”

शुक्रवारी मी गेलो तर इस्त्री गरम होती. मी दारातच थांबलो. सर म्हणाले, “दारात उभे राहू नका जी, वाफ बाहेर जाते.”

त्या सामन्याचं शेवटचं मिनिट मी कधीही विसरणार नाही. ऑटर्स चार गुणांनी पुढं. चेंडू नीलच्या हातात, समोर सरांचे खांब. सहा मिळाले तर हॉर्नबिल्स जिंकणार. नीलनं लाथ मारली, चेंडू उंच गेला आणि डाव्या खांबाच्या अगदी जवळून आत शिरला. हॉर्नबिल्स नाचायला लागले. मीही फलकावर सहा गुण चढवून मोकळा झालो.

सर हलले नव्हते. मैदानातल्या पंचानं त्यांच्याकडं पाहिलं. सर डाव्या खांबापाशी गेले आणि त्यावर तळहातानं दोनदा थाप मारली. मग एक बोट. चेंडू खांबाला शिवला असेल तर एकच गुण. खांबाला शिवलेला कुणालाही दिसला नव्हता, कुणालाही ऐकू आला नव्हता. ज्या माणसाच्या घरचं त्यांच्या वहीतून उघड्यावर आलं होतं, त्याच्याच शेवटच्या लाथेवर त्यांनी एक बोट दाखवलं होतं. हॉर्नबिल्सचं नाचणं थांबलं. माझे हात फलकावर होते आणि मला वाटत होतं, दोन दाखवा सर, आज एक दिवस दोन दाखवा. सरांनी एक झेंडा उचलला आणि हलवला.

नील चालत त्यांच्यापर्यंत गेला. मागोमाग हॉर्नबिल्सचे सात-आठ जण. मी धावलो, कशासाठी ते मलाही माहीत नव्हतं.

“हलला?” नीलनं खांबाकडं बघत विचारलं.

“हलला,” सर म्हणाले.

नीलनं मान डोलावली. मागं वळून पोरांना म्हणाला, “लागलाय. चला.” आणि ते सगळे माघारी फिरले. सरांनी खिशातून गुणांचं कार्ड काढून एक गुण लिहिला. मग त्यांनी मला माझा फलक दाखवला. त्यावर अजून हॉर्नबिल्स जिंकलेले होते.

पुढच्या महिन्यात सर गेले, नागपूरला, कायमचे. प्रयोगशाळेनं त्यांचा विभाग बंद केला होता आणि पास संपला होता. हे त्यांनी मला बुओना व्हिस्टा स्टेशनच्या सरकत्या जिन्याशी सांगितलं, दोन्ही हातांत पुस्तकांच्या पिशव्या, काखेत गुंडाळलेले दोन झेंडे. हे त्यांना वर्षभर माहीत होतं.

“तुम्ही कधी बोलला नाहीत,” मी म्हणालो. “वहीतही नव्हतं.”

“होतं ना. त्याच पानाच्या मागं. ‘दोन्ही क्लबांचं सारखंच नुकसान, अंपायर जाणार.’ तुम्ही एकच बाजू वाचली, एकच बाजू छापली.”

गाडीची वेळ झाली होती. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, “आणि माझं, सर? माझ्याबद्दल काय लिहिलं होतंत? राहणार की जाणार?”

ते जिन्यावर चढले, वळले, आणि वर जाता जाता एक डोळा मिटून त्यांनी मला नीट पाहून घेतलं.

“तुमचं नाव कुठंच नाही जी. तुम्ही राहिले काय, गेले काय, दोन्ही क्लबांना काही फरक पडत नाही.”